सगळी माणसं एकाच जिन्यावर? संस्कृतीच्या उत्क्रांतीचे पहिले सिद्धांत

१८७७ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या एका वकिलाने अख्ख्या मानवजातीला सात पायऱ्यांवर बसवलं. लुईस हेन्री मॉर्गन हे त्याचं नाव. खालच्या तीन पायऱ्या वन्य अवस्थेच्या, मधल्या तीन रानटी अवस्थेच्या आणि सगळ्यात वर नागर अवस्था. कोणता समाज कुठल्या पायरीवर, हे ठरवायला त्याने खुणा दिल्या होत्या. मासेमारी आणि अग्नी आला की दुसरी पायरी. धनुष्यबाण आला की तिसरी. मडकी घडवता आली की वन्य अवस्था संपली आणि रानटी अवस्था सुरू झाली. मग पशुपालन किंवा पाटाच्या पाण्यावरची मक्याची शेती, मग लोखंड, आणि शेवटी अक्षरलेखन.

या खुणा लावायला घेतल्या की काय होतं बघा. हवाईच्या लोकांकडे मातीची भांडी नव्हती आणि लढाईत ते धनुष्यबाण वापरत नव्हते. त्यामुळे मॉर्गनच्या हिशेबात पॉलिनेशियाची ही मंडळी दुसऱ्या पायरीवर, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या शेजारी येऊन बसली. प्रत्यक्षात हवाईत बड्या सरदारांची उतरंड होती आणि पाट काढून अळूची खाचरं भिजवली जात होती. ताऱ्यांच्या आधाराने हजारो मैल समुद्र ओलांडणाऱ्या दर्यावर्दींचे ते वंशज होते. मॉर्गनचं पुस्तक निघालं त्या वर्षी हवाई हे राज्यघटना असलेलं स्वतंत्र राज्य होतं आणि तिथे हवाई भाषेत वर्तमानपत्रं छापली जात होती. दुसरीकडे पेरूच्या इंका लोकांनी दोऱ्यांना गाठी मारून हिशेब ठेवत एवढं मोठं साम्राज्य चालवलं, पण लोखंड नाही आणि अक्षरं नाहीत, म्हणून तेही रानटी अवस्थेतच अडकले.

मॉर्गन मूर्ख होता किंवा दुष्ट होता, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तो दोन्ही नव्हता. अमेरिकेतल्या मूळनिवासी इरोक्वा लोकांच्या सेनेका जमातीत तो वावरला होता, त्यांच्या जमिनी लाटू पाहणाऱ्या कंपनीविरुद्ध तो त्यांच्या बाजूने उभा राहिला होता आणि त्यांनी त्याला दत्तकही घेतलं होतं. १८५१ साली इरोक्वांवरचं पहिलं पुस्तक त्याने अर्पण केलं एली पार्कर या सेनेका मित्राला, आणि हे संशोधन आम्हा दोघांचं आहे असं स्पष्ट लिहिलं. असा माणूस या जिन्यापर्यंत कसा पोचला, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी काळाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला सुशिक्षित माणूस जगाचं वय बायबलवरून मोजत होता. आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांच्या गणितानुसार सृष्टी निर्माण झाली इसवी सनपूर्व ४००४ मध्ये. एवढ्याशा काळात मानवाचा सगळा इतिहास बसवायचा, म्हणजे ग्रीक, रोमन, इजिप्त, ज्यू यांच्यापलीकडे फारसं काही उरतच नव्हतं. मग १८५८ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला ब्रिक्सहॅमच्या गुहेत नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांसोबत दगडाची हत्यारं सापडली. फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात बूशे द पेर्थ नावाचा एक जकात अधिकारी अशीच हत्यारं वर्षानुवर्षं दाखवत होता, पण त्याचं कोणी ऐकत नव्हतं. १८५९ मध्ये इंग्रज भूशास्त्रज्ञ तिथे जाऊन डोळ्यांनी बघून आले आणि म्हणाले, हा माणूस बरोबर आहे. माणूस या पृथ्वीवर कितीतरी जुना आहे.

आता मोठीच पंचाईत झाली. हजारो वर्षांचा रिकामा काळ हातात आला आणि त्यात भरायला एकही कागद नाही. हाडं आणि दगड आहेत, पण त्या दगड घडवणाऱ्या माणसांची लग्नं कशी व्हायची, ते कोणाला देव मानायचे, जमीन कोणाच्या नावावर असायची, हे दगड सांगत नाहीत.

इथे बहुतेकांना वाटतं की डार्विनचं पुस्तक त्याच वर्षी, १८५९ मध्ये आलं आणि मॉर्गनसारख्या मंडळींनी त्याचा सिद्धांत उचलून समाजाला चिकटवला. तसं झालं नाही. समाज पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो ही कल्पना डार्विनच्या शंभर वर्षं आधीची. स्कॉटलंडचा ॲडम स्मिथ आपल्या व्याख्यानांत शिकार, पशुपालन, शेती आणि व्यापार असे चार टप्पे सांगत असे. हर्बर्ट स्पेन्सरने प्रगतीच्या नियमावरचा निबंध १८५७ मध्ये लिहिला, म्हणजे डार्विनच्या दोन वर्षं आधी. ‘बळी तो कान पिळी’ या अर्थाने जे वचन डार्विनच्या नावावर खपवलं जातं, ‘सर्वांत लायक तोच टिकतो’, तेही मुळात स्पेन्सरचं. डार्विनच्या उत्क्रांतीला ठरलेलं गंतव्य नाही. तिला फांद्या फुटतात, आणि वटवाघूळ देवमाशापेक्षा ‘पुढे’ आहे असं तिथे म्हणता येत नाही. या समाजशास्त्रीय उत्क्रांतीला मात्र एकच वाट होती आणि तिचा शेवट लंडनमध्ये होता. म्हणून तिला पुढे ‘एकरेषीय उत्क्रांतिवाद’ असं नाव पडलं.

रिकामा काळ भरायला त्यांनी जी युक्ती वापरली तिला तुलनात्मक पद्धत म्हणतात, आणि सगळी मेख तिच्यातच आहे. कोपनहेगनच्या संग्रहालयात थॉमसन या अभ्यासकाने वस्तूंची मांडणी अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग अशी केली होती. १८३६ मध्ये ती छापून आली. आता विचार असा : युरोपातला माणूस एके काळी दगडाची हत्यारं वापरत होता. ऑस्ट्रेलियातला माणूस आज दगडाची हत्यारं वापरतो. म्हणजे आजच्या ऑस्ट्रेलियनाकडे बघितलं की कालचा युरोपियन दिसेल. हाडांना जे सांगता येत नाही ते हा जिवंत माणूस सांगेल. जॉन लबकने १८६५ च्या आपल्या पुस्तकात पुराश्मयुग आणि नवाश्मयुग या संज्ञा रूढ केल्या, आणि त्याच पुस्तकाच्या उपशीर्षकात म्हटलं की हा प्रागितिहास प्राचीन अवशेषांबरोबरच ‘आधुनिक रानटी लोकांच्या’ चालीरीतींवरूनही स्पष्ट केला आहे. नकाशावरचं अंतर हे काळातलं अंतर मानलं गेलं. जहाजाने दूर गेलं की माणूस भूतकाळात पोचतो, असाच जणू हिशेब.

गंमत म्हणजे या मंडळींत वकील फार. मॉर्गन वकील, स्कॉटलंडचा मॅक्लेनन वकील, स्वित्झर्लंडचा बाखोफेन कायद्याचा पंडित, हेन्री मेनही कायद्याचाच प्राध्यापक. साहजिकच पहिली भांडणं जुंपली ती कुटुंब, वारसा आणि मालमत्ता यांवरून. १८६१ या एकाच वर्षात मेनने लिहिलं की मानवी समाजाची सुरुवात बापाच्या सत्तेखालच्या कुटुंबातून झाली आणि माणूस जन्माने ठरलेल्या दर्जाकडून करारावरच्या नात्यांकडे गेला. आणि त्याच वर्षी बाखोफेनने लिहिलं की आधी मातृसत्ता होती, बापाचं राज्य नंतर आलं. मेन पुढच्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य होऊन हिंदुस्थानात आला, १८६९ पर्यंत राहिला, आणि इथल्या गावगाड्यात त्याला प्राचीन युरोपचं खेडं दिसलं. मॅक्लेननने १८६५ मध्ये लग्नसंस्थेची सुरुवात बायका पळवण्यापासून झाली असं मांडलं. तो सिद्धांत आज कोणी वाचत नाही, पण बहिर्विवाह आणि अंतर्विवाह ही जी जोडी आपण जातीविषयी बोलताना सर्रास वापरतो तिच्या मूळ इंग्रजी संज्ञा त्याच्याच.

या सगळ्यांत वाचायला सर्वांत रसाळ आहे एडवर्ड टायलर. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला, वडिलांचा पितळेच्या ओतकामाचा कारखाना. त्या काळी क्वेकरांना ऑक्सफर्डची दारं बंद होती, त्यामुळे विद्यापीठाचं तोंड न बघता तो कारखान्यात लागला. क्षयाची लक्षणं दिसली म्हणून हवापालटासाठी बाहेर पडला. हवानामध्ये घोड्याच्या बसमध्ये हेन्री क्रिस्टी नावाच्या पुरावस्तू गोळा करणाऱ्या माणसाशी ओळख झाली आणि दोघे १८५६ मध्ये मेक्सिकोत हिंडून आले. टायलरला मानवशास्त्र सापडलं ते असं. पुढे ज्या ऑक्सफर्डमध्ये त्याला शिकता आलं नव्हतं तिथेच तो १८९६ मध्ये या विषयाचा पहिला प्राध्यापक झाला.

१८७१ मध्ये टायलरने संस्कृतीची जी व्याख्या केली ती आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठ करावी लागते. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो ते सगळं मिळून होणारी गुंतागुंतीची एकसंध गोष्ट म्हणजे संस्कृती. यातला ‘आत्मसात करतो’ हा भाग महत्त्वाचा. संस्कृती रक्तातून येत नाही, शिकावी लागते. टायलरने स्पष्ट म्हटलं होतं की वंशाचा भेद आपण बाजूला ठेवणार आहोत. माणसाचं मन सगळीकडे एकच आहे, फरक पायरीचा आहे.

हे आज साधं वाटतं. पण त्याच लंडनमध्ये १८६३ मध्ये जेम्स हंटने एक मानवशास्त्रीय संस्था काढली होती आणि काळा माणूस ही मुळात निराळी प्रजातीच आहे असं तिथे उघडपणे मांडलं जात होतं. दुसऱ्या बाजूला डब्लिनचे आर्चबिशप व्हेटली म्हणत की रानटी माणूस स्वतःच्या बळावर कधी सुधारूच शकत नाही, आजचे रानटी हे देवाने दिलेल्या मूळ सभ्यतेपासून घसरलेले लोक आहेत. या दोघांच्या तुलनेत टायलरची बाजू उदार होती. तुमचे आणि आमचे पूर्वज सारखेच, तुम्ही जिथे आहात तिथून आम्हीही गेलो, असं तो म्हणत होता. हे वाक्य एकाच वेळी बरोबरीचा मान देतं आणि तुम्ही मागासलेले आहात असंही सांगतं. या सिद्धांतांचा सगळा स्वभाव मला त्या एका वाक्यात दिसतो.

टायलरची दोन मोठी अवजारं होती. एक म्हणजे जडप्राणवाद, म्हणजे सजीव-निर्जीव सगळ्यांत आत्मा असतो ही समजूत. स्वप्नात मेलेला माणूस भेटतो, झोपेत आपण कुठे कुठे जाऊन येतो, मेल्यावर शरीर असतं पण ‘काहीतरी’ निघून जातं. यावर विचार करणाऱ्या आदिमानवाने आत्म्याची कल्पना काढली, मग झाडाला, नदीला, डोंगराला आत्मा दिला, त्यातून अनेक देव आले आणि शेवटी एक देव. दुसरं अवजार म्हणजे ‘अवशेष’. एखादी चाल तिच्या मूळ अर्थाविना नुसती सवय म्हणून पुढच्या पायरीवर वाहत येते. शिंक आल्यावर लोक आशीर्वाद का देतात? टायलरने जगभरातून अशी उदाहरणं जमवली आणि म्हटलं की शिंकेबरोबर भूतपिशाच आत शिरतं किंवा बाहेर पडतं या जुन्या समजुतीचा हा उरलेला तुकडा. आपल्याकडे मूल शिंकलं की आजी ‘शतंजीव’ म्हणते, ती त्याच्या यादीत चपखल बसली असती.

अवशेषांचा हा उद्योग त्याने सभ्य समाजाच्या घरातही चालवला. लंडनमध्ये तेव्हा प्लँचेटसारख्या बैठकांची लाट होती. टायलर १८७२ मध्ये स्वतः अशा बैठकांना जाऊन बसला आणि रानटी अवस्थेतली आत्म्याची कल्पना कोट-टोपी घालून परत आली आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मानवशास्त्र हे मुळात सुधारकाचं शास्त्र आहे, असं तो म्हणे. जुन्या समजुती शोधायच्या त्या त्यांना निकालात काढायला. लोकहितवादी किंवा आगरकरांची भाषा ज्यांच्या कानावर आहे त्यांना हा सूर अनोळखी वाटणार नाही.

आता मॉर्गनकडे परत, कारण त्याचं काम आपल्या अंगणात येतं. सेनेका लोकांत त्याच्या लक्षात आलं की मूल वडिलांच्या भावालाही ‘वडील’ म्हणतं आणि आईच्या बहिणीलाही ‘आई’. चुलत आणि मावस भावंडं ही सख्खीच. पण मामा वेगळा, आत्या वेगळी आणि आते-मामे भावंडं वेगळी. आधी त्याला वाटलं ही इरोक्वांची खासियत. १८५८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्याच ओजिब्वा लोकांत तेच सापडलं. १८५९ मध्ये हिंदुस्थानातून परतलेल्या एका मिशनऱ्याने सांगितलं की तमिळ लोकांतही असंच आहे. मॉर्गन अक्षरशः झपाटला. दोनशेहून जास्त नात्यांची प्रश्नावली छापून त्याने ती स्मिथसोनियन संस्थेच्या मदतीने जगभरच्या वकिलातींत आणि मिशनऱ्यांकडे धाडली. स्वतः पश्चिमेकडे चार प्रवास केले. १८६२ च्या प्रवासात तो मिसूरी नदीवर असताना घरी त्याच्या दोन्ही मुली तापाने गेल्या. १८७१ मध्ये निघालेला त्याचा नातेसंबंधांचा ग्रंथ म्हणजे शेकडो पानांचे तक्ते. एका अर्थाने नात्यागोत्याचा शास्त्रीय अभ्यास तिथे जन्माला आला, आणि हे श्रेय त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

चूक झाली ती तक्त्यांवरून काढलेल्या अनुमानात. हवाईच्या भाषेत आईवडिलांच्या पिढीतल्या सगळ्यांना एकच शब्द. मॉर्गन म्हणाला, म्हणजे एके काळी त्या पिढीतले सगळे भाऊ सगळ्या बहिणींचे नवरे असणार, बाप कोण हे कळायला मार्गच नसणार, म्हणून सगळेच बाप. लग्नाची ती रीत गेली, शब्द मागे राहिले. यावरून त्याने कुटुंबाच्या पाच पायऱ्या उभारल्या, समूहविवाहापासून एकपत्नीत्वापर्यंत. मॅक्लेननने तेव्हाच टोकलं की नात्याचे शब्द हे बरेचदा नुसते हाक मारायचे शब्द असतात. पुण्यात रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या माणसाला हा आक्षेप वेगळा समजावून सांगायला नको.

पण थांबा, शब्दांवरून काहीच कळत नाही असंही नाही. जुन्या पद्धतीच्या मराठी घरात सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, किंबहुना तिच्यावर मुलाचा पहिला हक्क मानतात, आणि चुलत बहिणीशी मात्र लग्नाचा विचारही पाप. मुलीच्या बाजूने पाहिलं तर ती आत्याच्या घरी सून म्हणून जाते. तिची सासू खरोखरच तिची आत्या असते. आत्याच्या यजमानांना मामा म्हणायची पद्धतही कितीतरी घरांत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेनुसार विभाग पाडले तेव्हा महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो तो अशाच कारणांनी. मग मॉर्गनचं अनुमान चुकलं आणि हे बरोबर, असं का? कारण इथे मामेबहिणीशी होणारी लग्नं आपल्या डोळ्यांसमोर आहेत, शब्द त्यांना फक्त दुजोरा देतो. हवाईतला समूहविवाह कोणी पाहिलेलाच नव्हता. तो एकट्या शब्दातून काढला होता, आणि मग त्याच समूहविवाहाने शब्दाचं स्पष्टीकरण दिलं होतं. तमिळ नात्यांचा आते-मामे विवाहाशी असलेला संबंध मॉर्गनच्या नजरेतून निसटला. तो पुढे विसाव्या शतकात रिव्हर्स या इंग्रज अभ्यासकाने नीट मांडला.

या मंडळींतला आणखी एक म्हणजे जेम्स फ्रेझर. त्याच्याबद्दल थोडक्यात सांगतो. १८९० मध्ये दोन खंडांत सुरू झालेला आणि पुढे बारा खंडांपर्यंत फुगलेला त्याचा ग्रंथ साहित्यिकांना फार आवडला. जादू, मग धर्म, मग विज्ञान ही त्याची चढण. केंब्रिजच्या खोलीत बसून त्याने जगभरच्या चालींची कात्रणं शेजारीशेजारी लावली. वाचायला बहार येते, पुरावा म्हणून हाती फारसं लागत नाही.

कात्रणं शेजारीशेजारी लावायची ही सवय संग्रहालयांतही उतरली होती. लष्करी अधिकारी पिट-रिव्हर्सने १८८४ मध्ये ऑक्सफर्डला दिलेला संग्रह प्रकारानुसार मांडला होता. जगभरची शस्त्रं एकत्र, जगभरची वाद्यं एकत्र, साध्यापासून गुंतागुंतीच्या रूपाकडे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातही हीच पद्धत होती, आणि १८८७ मध्ये एका तरुण जर्मन अभ्यासकाने तिच्यावर जाहीर हल्ला केला. फ्रान्झ बोआस हा मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस. १८८३-८४ मध्ये तो कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर इन्युइट लोकांत राहून आला होता. बर्फात उपाशीतापाशी हिंडताना, स्वतःकडे थोडं असताना ते वाटून खाणारे लोक बघून त्याने डायरीत लिहिलं की आपल्या ‘चांगल्या समाजाने’ यांच्याकडे तुच्छतेने बघावं असं आपल्यापाशी आहे तरी काय?

संग्रहालयाबद्दल त्याचं म्हणणं साधं होतं. एक खुळखुळा घ्या. तो पोराच्या हातातलं खेळणं असेल किंवा देवाच्या विधीतलं वाद्य असेल. कपाटात दहा समाजांचे दहा खुळखुळे ओळीने लावलेत की दिसतात सारखे, आणि आपण म्हणतो बघा, विकास झाला. पण प्रत्येक वस्तू तिच्या माणसांत काय करते हे कळल्याशिवाय त्या सारख्या आहेत हेच ठरत नाही. १८९६ च्या निबंधात त्याने हाच मुद्दा पूर्ण पद्धतीला लावला. सारखं फळ दिसलं म्हणून कारणही सारखंच असेल असं धरून चालता येत नाही. मुखवटे कुठे भुताने ओळखू नये म्हणून घालतात, कुठे मेलेल्या आप्ताची आठवण म्हणून, कुठे नाटकात देव उभा करायला. तिघांना एका ओळीत लावून मुखवट्याची उत्क्रांती लिहिणारा स्वतःचीच कल्पना लिहीत असतो. आधी त्या त्या प्रदेशाचा, त्या त्या लोकांचा इतिहास शोधा, नियम नंतर.

खरं तर एक आक्षेप घरातूनच आला होता. १८८९ मध्ये टायलरने जवळजवळ ३५० समाजांची माहिती कोष्टकात घातली आणि जावई-सासू एकमेकांना टाळतात ती चाल नवरा बायकोच्या माहेरी राहण्याच्या रीतीशी जोडलेली दिसते, असं आकड्यांनी दाखवलं. त्या काळाच्या मानाने हे फारच पुढचं काम. सभेत बसलेल्या फ्रान्सिस गॉल्टनने विचारलं, हे ३५० समाज एकमेकांपासून सुटे आहेत हे कशावरून? त्यांतल्या निम्म्यांनी शेजाऱ्याकडून चाल उचलली असेल तर तुमची मोजणी तिथेच कोसळते. टायलरकडे उत्तर नव्हतं. ही अडचण आजही ‘गॉल्टनचा प्रश्न’ म्हणूनच ओळखली जाते.

वास्तविक टायलरला उसनवारी चांगली ठाऊक होती. १८७९ मध्ये त्याने मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांच्या पटोली या खेळावर लिहिलं होतं. क्रॉसच्या आकाराचा पट, फाशांऐवजी खुणा केलेल्या घेवड्याच्या बिया, सोंगट्या पुढे सरकवायच्या. म्हणजे थेट आपला सारीपाट किंवा पचीसी. दोन ठिकाणी इतका तपशीलवार सारखा खेळ आपोआप सुचणं अशक्य, तो आशियातूनच तिकडे गेला असणार, असं त्याचं म्हणणं. त्या प्रश्नाचा निकाल पुढे त्याच्या बाजूने लागला असं नाही, पण सगळ्या मनांची वाट एकच असं सांगणारा माणूस खेळापाशी येऊन थबकला, हे मला आवडतं.

या सिद्धांतांनी माणसांचं काय केलं ते बघायला ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटाकडे जावं लागतं. टायलरने १८९४ मध्ये लिहिलं की टास्मानियन हे पुराश्मयुगीन माणसाचे प्रतिनिधी होते. हा भूतकाळ लक्षात घ्या. इंग्रज वसाहत तिथे १८०३ मध्ये सुरू झाली. १८२० च्या दशकापासून जमिनीसाठी झालेल्या लढाईत आणि रोगांत तिथले मूळ लोक भराभर मेले, उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवलं. १८७६ मध्ये ट्रुगनिनी ही वृद्धा वारली तेव्हा ‘शेवटची टास्मानियन’ गेली असं जगाने लिहून टाकलं. मेल्यावर तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात मांडला गेला. टास्मानियन आदिवासींचे वंशज आजही आहेत आणि त्यांना हे ‘शेवटचे’ प्रकरण अर्थातच मान्य नाही. जे लोक तुमच्याच काळात, तुमच्याच बंदुकांसमोर मेले त्यांना अश्मयुगात नेऊन ठेवलं की त्यांचा मृत्यू नैसर्गिक वाटू लागतो. जुनं होतं, संपलं.

मॉर्गनचं पुस्तक मार्क्सने अखेरच्या वर्षांत बारकाईने वाचून टिपणं काढली आणि त्यांच्या आधारे एंगल्सने १८८४ मध्ये कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावर पुस्तक लिहिलं. रेल्वे कंपन्यांत पैसे गुंतवणारा रॉचेस्टरचा वकील असा जगभरच्या कम्युनिस्टांच्या कपाटात गेला. आपल्याकडे १९२० च्या दशकात इतिहासाचार्य राजवाडे यांनी वेद-महाभारतातली वचनं काढून दाखवायला सुरुवात केली की विवाहसंस्था सनातन नाही, तिच्याआधी मोकळ्या संबंधांच्या अवस्था होऊन गेल्या. त्यावर मोठा वाद झाला. १९४९ मध्ये कॉम्रेड डांगे यांनी एंगल्सचे टप्पे थेट वैदिक समाजावर बसवले. त्याची सर्वांत खरमरीत समीक्षा केली ती मार्क्सवादी असलेल्याच दामोदर कोसंबी यांनी, भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने पुण्याच्या आसपास स्वतः पायपीट करून म्हसोबा, वेताळ, शेंदूर फासलेल्या मातृदेवता यांचा माग काढला. म्हणजे अवशेषांची कल्पना त्यांनी टाकली नाही. पण ठाणं कुठल्या वाटेवर आहे, तिथे सूक्ष्म दगडी हत्यारं सापडतात का, आज त्याची पूजा कोण करतं, हे जागेवर जाऊन तपासल्याशिवाय त्यांनी काळ सांगितला नाही. बोआस आणि कोसंबी यांचा मार्ग वेगळा, पण खोलीत बसून पायऱ्या रचायला दोघांचाही विरोध.

बोआसनंतर अमेरिकेत दोन पिढ्या उत्क्रांती हा शब्दच वर्ज्य झाला. १९४० च्या दशकात लेस्ली व्हाइटने तो परत आणला, माणूस दरडोई किती ऊर्जा वापरतो या मापाने. ज्युलियन स्ट्यूअर्डने अनेक रेषांची उत्क्रांती मांडली. काळाबरोबर काही समाज मोठे आणि गुंतागुंतीचे झाले, शेतीनंतर लोकसंख्या वाढली, राज्यं आली, हे कोणी नाकारत नाही. जे नाकारलं गेलं ते एवढंच, की सगळ्यांची वाट एक आहे आणि आज जिवंत असलेला कोणी दुसऱ्या कोणाचा भूतकाळ आहे.

नाकारलं गेलं ते पुस्तकांत. सरकारी फायलींत काय झालं ते वेगळं. १९७० च्या दशकात भारत सरकारने आदिवासींतल्या काही गटांना ‘आदिम जमाती’ असा वेगळा दर्जा दिला. आज देशात असे ७५ गट आहेत आणि महाराष्ट्रात तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. ‘आदिम’ हा शब्द २००६ मध्ये बदलून ‘विशेष असुरक्षित’ करण्यात आला. यादीमागच्या निकषांत घटती किंवा थबकलेली लोकसंख्या आणि अत्यल्प साक्षरता यांच्या जोडीला आणखी एक निकष आहे : शेतीपूर्व पातळीचं तंत्रज्ञान. मॉर्गनच्या खुणांची यादी हाताशी असेल तर हा निकष कुठून आला हे ओळखता येतं. या दर्जामुळे योजना आणि पैसा मिळतो, त्यामुळे तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण रायगड-ठाण्याच्या कातकऱ्यांचा इतिहास तपासला तर तो शेतीच्या आधीच्या काळात थांबलेला दिसत नाही. खैराच्या लाकडापासून कात काढून बाजारात विकणारे हे लोक. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी खैरावर सरकारी हक्क आला, काताचा धंदा बसला, मग ते मुंबईला लागणाऱ्या कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, आणि आता दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला वाडीवर परततात. यातला प्रत्येक बदल गेल्या दीडशे वर्षांतला आहे.